लिव्हरचे फोटो आणि सेलिनाचा आवाज

सेलिनाचा मला हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण संपादकांनी "एमआरआय मशीनवरचे तुमचे अनुभव लिहा, वाचकांना माहिती मिळेल" असं सांगितलंय, आणि मी कुठूनही सुरुवात केली तरी गाडी शेवटी सेलिनापाशीच येऊन थांबते. वसईतल्या ज्या सेंटरमध्ये मी टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं, तिथे ती माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. पेशंटच्या पोटावर कॉईल, म्हणजे सिग्नल पकडणारा पट्टा, कशी बांधायची हे तिला मी शिकवलं. आणि मी गेल्या वर्षी रिटायर झालो तेव्हा परिस्थिती अशी होती की लिव्हरचा एमआरआय लिहून देताना डॉक्टर लोक पेशंटला तोंडी सांगायचे, "सेलिना ज्या दिवशी असेल त्या दिवशी जा हं." माझी ड्युटी कधी असते हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

लोकांना वाटतं, मशीन फोटो काढतं, टेक्निशियन बटण दाबतो. डोकं, मणका, गुडघा यांच्या बाबतीत ते जवळजवळ खरंही आहे. ही शहाणी मंडळी. ठेवाल तिथे पडून राहतात. लिव्हरचं तसं नाही. ते छातीच्या पडद्याखाली लटकलेलं असतं आणि प्रत्येक श्वासाला खाली-वर होतं. म्हणून पेशंटला सांगावं लागतं: श्वास घ्या, धरा, आता सोडा. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि आम्ही म्हणू त्याच क्षणी. माणूस बोगद्यात, कानावर हेडफोन, बाहेर ठोकल्यासारखा आवाज, मनात भीती. तो जरासा जरी हलला, तरी फोटोत एकावर एक तीन लिव्हर दिसतात. मशीन कितीही कोटींचं असो, शेवटी सगळं अडतं पेशंटच्या श्वासावर.

मशीनमध्ये भरलेला आयता आवाज असतो, पण तो मी कधीच वापरला नाही. माझा स्वतःचा आवाज चांगला आहे. लहानपणी गावाला नाटकांत कामं केलीत, आणि बोळिंजच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरत्या आजही मीच सांगतो, माईक न घेता. सेलिनाचा आवाज घोगरा. रोज सर्दी झाल्यासारखा. हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता थोडी माहिती, नाहीतर संपादक रागावतील. लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. पुष्कळ गाठी नुसत्या बसून असतात, कुणाला त्रास देत नाहीत. कुठली कशी हे ओळखायला आम्ही शिरेतून एक औषध देतो आणि ते लिव्हरमधून पुढे सरकत असताना फोटो काढत जातो. आमच्या सोसायटीत पाण्याच्या दोन लायनी आहेत, एक पालिकेची, एक टँकरची. लिव्हरलाही रक्त दोन लायनींतून येतं. बहुतेक सगळं आतड्याकडच्या मोठ्या शिरेतून, आणि थोडंसं धमनीतून. औषध आधी धमनीतून पोचतं. काही गाठी धमनीवरच जगतात, त्या बाकीच्या लिव्हरच्या आधी उजळतात. पुढे कुठली विझते, कुठली कडेकडेने भरत जाते, कुठली नुसतं कडं दाखवते, त्यावरून तिची जात कळते. हा धमनीचा क्षण चुटकीसरशी जातो. आणि शेवटी, वीसेक मिनिटं थांबून, आणखी एक फोटो. हे औषध लिव्हरच्या स्वतःच्या पेशी गिळतात. तोपर्यंत सगळं लिव्हर पांढरं झालेलं असतं. गाठ लिव्हरच्याच निरोगी पेशींची असेल तर तीही पांढरी. दुसरीकडून येऊन बसलेली असेल तर काळी. आपली की परकी, ते त्या फोटोत कळतं.

गोखिवऱ्याचे एक गृहस्थ आठवतात, स्टीलच्या डब्यांचा छोटा कारखाना होता त्यांचा. सोनोग्राफीत गाठ निघाली म्हणून माणसाने सगळी आवराआवर केली. मटण सोडलं, कारखान्याची किल्ली धाकट्या भावाच्या हातात दिली, बायकोला बँकेत नेऊन लॉकर दाखवला. एमआरआयमध्ये गाठ औषधाच्या आधीच दिव्यासारखी पांढरीशुभ्र निघाली, आणि औषध दिल्यावर कडेकडेने सावकाश भरत गेली. म्हणजे रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता, जन्मभर पोटात घेऊन फिरावा असा. आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना तसं सांगितलं तर ते आनंदी व्हायचे सोडून भडकलेच. "म्हणजे काहीच नाही? अहो, होळीपासून मटणाला हात लावला नाही मी!" भावाने किल्ली परत द्यायला महिना लावला म्हणे. या गृहस्थांनी श्वास माझ्या आवाजावर धरला होता आणि फोटो अप्रतिम आले होते. हे मुद्दाम लिहितोय.

मग आली सेलिना. पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली, बाप आणि भाऊ मासेमारीला जाणारे. पहिली दोन वर्षं ती माझ्या हाताखाली नीट वागली आणि मलाही ती आवडत होती, हे कबूल करतो. बिनसलं ते अर्नाळ्याच्या तांडेलबाबांवरून.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. आयुष्यभर दर्यावर हुकूम सोडलेला माणूस, पण डॉक्टर-साहेब लोकांपुढे अगदी गरीब. जुन्या काविळीने त्यांचं लिव्हर आक्रसलेलं होतं आणि त्यात एक छोटी गाठ दिसत होती. अशा लिव्हरमधली गाठ बहुधा वाईटच असते, पण लहान असताना सापडली तर कापून काढता येते. मी माईकवर म्हणालो, "श्वास घ्या. धरा."

आतून आवाज आला, "व्हय साहेब!"

साहेब बोलतात आणि आपण गप्प राहायचं, हे त्या माणसाच्या रीतीत बसत नव्हतं. आणि "व्हय" म्हणायचं तर श्वास सुटणारच. मी म्हणालो, "बाबा, उत्तर देऊ नका. फक्त धरा."

"नाय देत साहेब!"

औषध द्यायच्या आधीचे सगळे फोटो फरफटले. मी घामाघूम. तेवढ्यात सेलिना ड्युटीवर आली, मागे उभी राहून दोन मिनिटं बघत होती. म्हणाली, "सर, मी बघू?" आत गेली, टेबल बाहेर घेतलं, म्हाताऱ्याच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, "बाबा, पान्यात बुडी मार. मी हाक मारन तवर वर येव नको." आणि परत येऊन माईकवर त्या घोगऱ्या आवाजात नुसतं, "बुडी." आत शांतता. फोटो झाला. "ये वर, बाबा." असं शेवटपर्यंत. धमनीच्या क्षणाला गाठ लख्ख उजळली, पुढच्या फोटोत विझून आजूबाजूपेक्षा काळी पडली. वाईट गाठीची ही चाल. पण वेळेवर सापडली, ऑपरेशन झालं, म्हातारा उठून बसला.

पुढल्या वर्षी तांडेलबाबा सेंटरच्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीतून पापलेटाच्या शेपट्या बाहेर. मी उठून पुढे गेलो. ते म्हणाले, "सेलिनाबाय हाय का?"

"तिची संध्याकाळची ड्युटी. मी आहे ना!"

"मंग सांजचा येतो," म्हणाले आणि पापलेटं घेऊन चालू लागले.

मी ती पापलेटं आजपर्यंत विसरलेलो नाही.

साहजिकच मी तिची युक्ती उचलली. चंदनसारच्या एक बाई आल्या होत्या, बँकेत ऑफिसर, माहेर सोलापूरकडचं. मी माईकवर ऐटीत म्हणालो, "बाई, पाण्यात बुडी मारा." त्यांनी हातातला रबरी फुगा जीव खाऊन दाबला. घाबरलेल्या पेशंटने आम्हाला बोलवावं म्हणून तो देतात. धावत आत गेलो तर बाई रडवेल्या, "अहो, मला पोहता येत नाही!" सेलिना तेव्हा हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

तिची गंमत अशी की ती सगळ्यांना एकच सांगत नाही. बाहेर बाकावर पेशंटजवळ बसते, गप्पा मारते, आणि हा माणूस एरवी कधी श्वास धरतो ते काढून घेते. गावातल्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांना म्हणायची, "श्वास धरून मनातल्या मनात एक नमो मारिया म्हण, मावशी." घरकाम करणाऱ्या बाईला म्हणायची, "मिरचीची फोडणी दिलीय, धूर उठलाय असं समजा." हे सगळं मला ऐकू येत होतं. मी ते पाठही केलं. पण कुणाला काय सांगायचं ते तिला बघितल्या बघितल्या कळायचं आणि मला कळायचं नाही. तीच तर तिडीक होती. फोटो माझेही चांगले यायचे, शंभरातले नव्वद. उरलेले दहा मॅडम तिच्याकडे पाठवायच्या.

आता मूळ गोष्ट. ती लिहू की नको असा विचार करत होतो. सुनंदाला विचारलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "हं." म्हणून लिहितो.

सुनंदाच्या छातीतली गाठ काढली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. केमो झाली, केस गेले, आले, दरवर्षीची तपासणी स्वच्छ येत होती. त्या वर्षी सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली, लिंबाएवढी. तिचे डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, दोनच शक्यता आहेत. एक, जुना आजार लिव्हरमध्ये येऊन बसलाय. दुसरी, लिव्हरच्याच पेशींनी केलेली निरुपद्रवी गाठ आहे, कडक औषधं घेतलेल्यांमध्ये ती कधीकधी होते. पहिली असेल तर पुन्हा केमो, आणि पुढचं बोलायला नको. दुसरी असेल तर घरी जा आणि विसरून जा. एमआरआय काढा म्हणजे कळेल.

सेलिना म्हणाली, "सर, काकींचं मी करू? तुम्ही जरा बाहेर बसा."

"बायको माझी आहे," मी म्हणालो.

"हो सर," ती म्हणाली.

मी तयारी कमी ठेवली नव्हती. घरी पलंगावर झोपवून आठवडाभर सराव घेतला. श्वास घे, धर, सोड. सगळं छान चाललं होतं, असं मला वाटत होतं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेलीत आणि सुनंदाला माझ्या प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायची सवय आहे. दूध आणलंय. हं. लाईट बिल भरलं. हं. त्यात ऐकणं किती आणि न ऐकणं किती हे तिलाच माहीत. मला तो "हं" आता ऐकूच येत नाही, घरातल्या पंख्यासारखा. पलंगावरच्या सरावातही ती प्रत्येक वेळी "हं" म्हणत होती, आणि दुसऱ्यांच्या "व्हय साहेब"ने ज्याचा घाम निघाला होता, त्या मला ते जाणवलं नाही.

कन्सोलवर बसलो, माईकचं बटण दाबलं. "सुनंदा, श्वास घे. धर."

"हं."

तेव्हा मात्र कन्सोलच्या स्पीकरमधून ते स्पष्ट ऐकू आलं. मी म्हणालो, "हं म्हणू नकोस." ती म्हणाली, "हं." औषध शिरेत गेलं होतं, ते परत बोलावता येत नाही. धमनीचा क्षण आला आणि गेला. माझ्या खणखणीत आवाजात कंप आला होता, तोही तिला ऐकू गेला असणार. वीस मिनिटांनंतरच्या फोटोतही लिव्हरच्या कडा दुहेरी.

मॅडमनी बराच वेळ फोटो वर-खाली केले. "गाठीला कडं आहे की ती हलल्याची सावली आहे, मी सांगू शकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. कडं म्हणजे बहुधा परकी गाठ, ते मला माहीत होतं. "परत करावं लागेल. आणि हे बघा, राग मानू नका, या वेळी..."

"सेलिना," मी म्हणालो.

मधले दिवस वाईट होते. सुनंदाने माळ्यावरचे सगळे डबे काढून घासले, दोन साड्या भाचीला देऊन टाकल्या. मी सोसायटीच्या गच्चीवर जाऊन उभा राहायचो. बायको जाईल या भीतीच्या शेजारी, अगदी तिला खेटून, दुसरी एक गोष्ट मनात होती. हे काम मला जमलं नाही आणि त्या पोरीला जमणार. तिला जमावं म्हणून मी देवापुढे हात जोडत होतो आणि तिला जमणार म्हणून जळत होतो, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या वेळी सुनंदाने मंगळसूत्र काढलं. मी हात पुढे केला. तिने ते सेलिनाकडे दिलं. सेलिनाने ते रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवलं आणि सुनंदाला घेऊन आत गेली. मी कन्सोलसमोरच्या काचेपाशी उभा राहिलो. आत सेलिना तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. सुनंदाने मान वळवून काचेकडे पाहिलं आणि हसली. त्या टेबलावर पडून हसलेली पेशंट मी त्याआधी पाहिली नव्हती. काय सांगितलं असेल हिने?

सेलिना येऊन माईकपाशी बसली. "काकी, घ्या. धरा."

"हं" नाही. काही नाही. मशीन ठोकत राहिलं आणि आत माझी बायको दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर गप्प पडून होती.

"सोडा." असं म्हणून सेलिनाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुढच्या वेळी पुन्हा, "सोडा," आणि पुन्हा माझ्याकडे. प्रत्येक वेळी. मला वाटलं, दाखवतेय मला. बघा सर, कसं येतं ते. आणि फोटो खरोखर तसेच येत होते. धमनीच्या क्षणाला गाठ सगळीच्या सगळी उजळली, कडं नाही, एकसारखी. शिरा अशा की नखाने उचलाव्यात. इतके स्वच्छ फोटो मी एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या पेशंटचे काढले असतील असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. बायकोच्या जिवाचा प्रश्न समोर, आणि मी मनात म्हणत होतो, हे फोटो माझ्या हातून का नाही आले.

मग ती वीस मिनिटं. त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

शेवटचा फोटो स्क्रीनवर वरून खाली उतरत आला. लिव्हर पांढरं. गाठ पांढरी. मधोमध एक बारीक काळी रेघ, बस. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "आपलीच आहे हो," म्हणाल्या. "लिव्हरचीच आहे. काही करायचं नाही."

मी बाथरूममध्ये जाऊन आलो. परत आलो तर सेलिना सुनंदाला टेबलावरून उतरवत होती आणि दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. मी सेलिनाला "थँक्यू" म्हणालो. ते नीट निघालं नाही. ती म्हणाली, "सर, चहा सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिला गाठून विचारलं, "काकींना काय सांगितलंस?"

"काकींनाच विचारा."

सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. आमचं काहीतरी." पुढे मी अधूनमधून खडा टाकून पाहिला, ती दाद देईना. मी मनाशी अंदाज केले. सुनंदा एरवी श्वास कधी धरते? तीस वर्षं एका घरात राहून मला एकही उत्तर सुचलं नाही. आणि सेलिना तिच्याशी फार तर दोन-तीनदा बोलली असेल.

या वर्षीची तपासणी मागच्या महिन्यात झाली. मी रिटायर झालेला, म्हणून बाहेर नातेवाइकांच्या बाकावर बसलो होतो. गाठ होती तिथेच, तेवढीच, पांढरी. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी सुनंदाला म्हटलं, आता तरी सांग, नाहीतर लेख अर्धवट राहील. ती ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती.

"काही विशेष नाही हो," ती म्हणाली. "ती म्हणाली, 'काकी, सर काचेपाशी उभे आहेत. मी धरा म्हटलं की तेही श्वास धरतात. नेहमीच धरतात, कुणाचाही पेशंट असू दे, त्यांना स्वतःला कळत नाही. तुमच्या वेळी तर नक्कीच धरतील. तुम्ही मध्येच सोडलात तर फोटो परत काढावा लागेल आणि त्यांना परत धरावा लागेल. या वयात नको.' मी बघितलं तर तुम्ही आधीच गाल फुगवून उभे. मला हसूच आलं. मग म्हटलं, आता धरायलाच पाहिजे."

म्हणजे "सोडा" म्हणून ती माझ्याकडे बघत होती, ते मी श्वास सोडला की नाही हे बघायला.

मग मी म्हणालो, "आणि पहिल्या वेळी मी सांगितलं तेव्हा का नाही धरलास?"

"तुम्ही बोलत होतात ना. बोलणारा माणूस श्वास कसा धरणार? मी एकटीनेच धरायचा होय?"

मी ओट्याजवळ उभा राहिलो. एवढी वर्षं मी लोकांचे श्वास बघत होतो, आणि माझा श्वास कुणी बघत होतं ते मला माहीत नव्हतं. आता मला तिचा आणखीनच हेवा वाटतो. पापलेटांचं एक वेळ सोडून देईन, पण हे माझ्या बायकोला माझ्याबद्दल सांगणारी ती कोण?

तरीही जे आहे ते आहे. घसा साफ करून, आरतीला लावतो तसा आवाज लावून मी म्हणालो, "सेलिना हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होतो.

सुनंदाने मेथीची दुसरी जुडी सोडली. मान वर न करता म्हणाली, "हं."